तळतळाटाचा नफा

आमच्या मामंजींनी दोन गोष्टी आयुष्यभर पाळल्या: पंढरीची वारी, आणि लिलावातली वस्तू घरात न आणणं. भांडं असो, बैल असो की जमीन, जप्तीचा माल आपल्या दारात आला की त्याच्याबरोबर त्या घरातल्या बाईचा तळतळाटही येतो, असं ते सांगायचे. मी सांगलीच्या एका नागरी सहकारी बँकेत सोनेतारण सांभाळायचे, तेव्हा लिलाव हा माझ्या नोकरीचाच भाग. नोटिसा जायच्या, सराफ यायचे, बोली लागायची. सगळं नियमाला धरून. तरी त्या दिवशी मी घरी आले की मामंजी माझ्या ऑफिसचा विषय काढायचे नाहीत.

मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला आणि मी कागद-पेन घेऊन शेअर निवडायला बसले, तेव्हा ‘कोणता घेऊ’ याच्याही आधी ‘घ्यावा का’ हा प्रश्न उभा राहिला. मामंजी तोवर गेले होते, प्रश्न मात्र त्यांचाच होता. स्वस्तात मिळणारा प्रत्येक शेअर कुणीतरी विकत असतं. भीतीनं, नाहीतर नड म्हणून. गरजवंताला अक्कल नसते हे ठाऊक असून त्याच्याकडून उचललेला माल पचतो का?

२३ मार्चला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक. सकाळीच दहा टक्क्यांची घसरण झाली म्हणून पाऊण तास व्यवहार बंद ठेवावे लागले. जानेवारीत ४२ हजारांच्या वर गेलेला निर्देशांक त्या दिवशी २६ हजारांच्या खाली बंद झाला. दुसऱ्या दिवशी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली.

(अशा वेळी गीतेला कामाला लावायची पद्धत आहे. गुंतवणुकीच्या व्याख्यानात ‘फळाची अपेक्षा नको’ हे ऐकलं की मला हसू येतं. फळासाठीच तर सगळे तिथे जमलेले असतात. गीतेला तिथून मोकळं करावं.)

मला आठवले ते तुकोबा. कारण पडता काळ त्यांनी दुकानदार म्हणून पाहिला होता. देहूला त्यांच्या घरात वाण्याचं दुकान होतं, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बसलं, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नाविना गेली. सावकाराच्या हिशेबानं पाहिलं तर दुष्काळ ही सुगी असते. कर्जखतं हातात असली की कुळांच्या जमिनी आपोआप आपल्याकडे येतात. तुकोबांनी ती खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. पण त्याच कथेतल्या एका तपशिलाकडे माझं बँकेतलं मन फार ओढ घेतं. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. आधी वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हवाली केला आणि फक्त स्वतःचा अर्धा पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या पैशावर आपलं पुण्य उभं करायचं नाही, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. माझ्या बँकेतली तारणपत्रं मी बुडवली असती तर ठेवीदारांचे पैसे बुडाले असते. तो धर्म झाला नसता, अफरातफर झाली असती.

मग बाजारातला खरेदीदार सावकाराच्या जागी आहे का? सावकाराला कुळाची नड नावानिशी माहीत असते आणि भाव तो एकटाच ठरवतो. बाजारात समोरचा दिसत नाही, भाव हजारोंच्या बोलीतून ठरतो. लोअर सर्किट लागलेल्या, म्हणजे दिवसाच्या किमान मर्यादेला टेकलेल्या शेअरचा पडदा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे: विकणाऱ्यांची रांग लांबलचक आणि घेणाऱ्यांचा रकाना रिकामा. दवाखान्याच्या बिलासाठी विकायला आलेल्या माणसाला त्या क्षणी गिऱ्हाईकच हवं असतं. मी सोवळं नेसून बाजूला बसले तर त्याला आणखी कमी भाव मिळेल.

हा युक्तिवाद माझ्या सोयीचा आहे, म्हणून मी त्याच्याकडे संशयानंच पाहिलं. तो खरा असेल तर लिलावालाही लागू व्हायला हवा. आणि होतोच. बोली चढली तर कर्ज फिटून उरलेली रक्कम कर्जदारालाच परत जाते. म्हणजे मामंजींचा नियम सरसकट टिकत नाही. पाप कमी भावात नाही. बोली लावणाऱ्यांनी आपसात ठरवून भाव दाबला, अफवा पसरवून घाबरलेल्याला आणखी घाबरवलं, आतली बातमी लपवून त्याच्याकडून माल काढून घेतला, तर तळतळाट लागतो आणि लागायलाच हवा. सरळ बोलीला तो लागत नाही.

तेव्हा मी घ्यायचं ठरवलं. निवड मात्र सोनेतारणाच्या नजरेनं केली. दर तिमाहीला कंपनीचा भागधारणेचा तक्ता जाहीर होतो. त्यात प्रवर्तकांनी आपले किती शेअर तारण ठेवलेत ते असतं. लोक नफा बघतात, मी आधी तो रकाना बघते. भाव पडला की सावकार जादा तारण मागतो, ते मिळालं नाही की शेअर विकतो, त्यानं भाव आणखी पडतो. डोक्यावर कर्ज असलेली कंपनी मंदीत नुसती स्वस्त होत नाही, कधी कधी संपते. रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर २००८ च्या सुरुवातीला आठशेच्या आसपास होता, वर्षअखेरीस अडीचशेच्या आत आला. स्वस्त म्हणून घेणारे तेव्हा पुष्कळ होते. २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. काय टिकणारं आणि काय जाणारं हे ओळखण्याला वेदान्तात मोठं नाव आहे. इथे त्यासाठी ताळेबंद वाचावा लागतो, आणि नफ्याच्या आकड्याइतकी रोकड खरोखर हाती आली का हे तपासावं लागतं.

शेजारच्या जैन काकू एकदा म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही किमतीचा विचार फार करता. आमच्यात आधी धंदा कोणता ते बघतात.” श्रावकांना पंधरा व्यवसाय वर्ज्य सांगितलेत, विषाचा व्यापार, हस्तिदंताचा व्यापार, जंगलतोडीचा धंदा त्यातलेच. काकूंनी माझा प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवला. विकणाऱ्याशी माझा संबंध क्षणाचा, पण कंपनीची मी भागीदार होते. तिचा नफा कुणाच्या घरातून येतो, त्याचा जाब मला द्यायला हवा.

आणि तिथे माझी यादी सोनेतारण कंपन्यांपाशी अडली. २०२० मध्ये सोनं चढत होतं. ऑगस्टमध्ये तर रिझर्व्ह बँकेनं बँकांना दागिन्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची तात्पुरती मुभा दिली. आधी मर्यादा ७५ होती. हातातलं काम गेलेल्या घरांनी दागिने गहाण टाकले. हा धंदा बेकायदा नाही, कित्येकांची चूल त्यानंच पेटती राहिली, आणि माझा पगारही त्यातूनच झाला. आकडेही चोख होते. तरी सोनेतारण कंपन्यांवर मी काट मारली. नोकरीत ते काम माझं कर्तव्य होतं. स्वतःच्या पैशानं त्याची मालकीण व्हायचं की नाही, हे मात्र माझ्या वाट्याचं होतं. भाचा म्हणाला, “मावशी, हा हळवेपणा आहे.” असेल. त्या कंपन्या आजही माझ्या यादीत नाहीत.