स्वतःच्या आवारांतील मोटार

धांवत नसलेली मोटार कोणाचें काय बिघडविते? दिल्लींतील जुन्या गाड्यांच्या वादाचें मर्म मला या प्रश्नांत दिसतें. राष्ट्रीय हरित लवादानें २०१४ सालीं १५ वर्षांवरील मोटारींना तेथें रस्त्यावर चालण्याचीच नव्हे, तर सार्वजनिक जागीं उभें राहण्याचीही बंदी केली. पुढच्याच वर्षीं डिझेलसाठीं १० वर्षांची मर्यादा आली. धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसांत शिरतो. तेव्हां हें बंधन न्याय्यच होय. परंतु वडिलांनीं हौसेनें घेतलेली गाडी कोणीं आपल्याच आवारांत झांकून ठेविली, तर ती धूर ओकीत नाहीं. तेथें सरकारचा हात कोणत्या अधिकारानें पोंचतो? दिल्ली सरकारच्या २०२४ च्या नियमांनीं खाजगी जागेंत ती ठेवण्याची मुभा दिली खरी. मात्र इमारतींतील सामाईक आवार म्हणजे खाजगी जागा नव्हे, असें ठरलें. म्हणजे बंगलेवाल्यानें वडिलांची आठवण जपावी, आणि चार खोल्यांत राहणाऱ्यानें ती मोडींत द्यावी! झांकलेली गाडी रात्रीं गुपचूप बाहेर काढली जाईल, ही भीति अगदींच खोटी नव्हे. पण बंगल्याचें फाटकही त्याच रस्त्यावर उघडतें.