ऋण आणि अतिक्रमण

इंग्रजी भाषेत काही शब्द जोडीने वावरतात. ते एकाच अर्थाचे आहेत असे समजून आपण एकाच्या जागी दुसरा सहज वापरतो. रोजच्या बोलण्यात त्याने फारसे बिघडत नाही. प्रार्थनेत मात्र बिघडू शकते. ‘डेट’ आणि ‘ट्रेसपास’ ही अशीच एक जोडी आहे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेची जी मागणी आहे, तीत इंग्रजी बोलणाऱ्या मंडळ्या हे दोन्ही शब्द वापरतात. विल्यम टिंडेल याचा नवा करार १५२६ साली छापला गेला, तेव्हा मत्तयाच्या सहाव्या अध्यायात त्याने या जागी ‘ट्रेसपास’ घातला. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकातही तोच आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्याच जागी ‘डेट’ आहे, आणि स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळ्या तो म्हणत आल्या. आपल्या मराठी शास्त्रात तेथे ‘ऋण’ आहे. आपले कन्नड बांधव ‘तप्पु’ म्हणजे चूक असे म्हणतात. धारवाड-हुबळीकडच्या मराठी घरातील मूल घरी ऋण म्हणते, इंग्रजी शाळेत ट्रेसपास म्हणते आणि शेजारच्या उपासनेत तप्पु ऐकते. त्याने शब्बाथशाळेत विचारले, “बाई, यांतले खरे कोणते?” तर त्याला काय सांगावे?

“सगळ्यांचा अर्थ पापच” हे उत्तर खोटे नाही. ग्रीक शुभवर्तमानात मत्तय ऋणाचा शब्द घेतो, लूक अकराव्या अध्यायात पापाचा घेतो. आणि प्रभूच्या अरामी बोलीत तर ऋण व पाप या दोहोंना एकच शब्द चालत असे. तरीही प्रार्थना संपताच, चौदाव्या वचनात, मत्तय आणखी एक शब्द वापरतो. त्याला मराठीत ‘अपराध’ आणि १६११ च्या इंग्रजीत ‘ट्रेसपास’ म्हटले आहे. एकाच अध्यायात दोन शब्द आले, तर ते दोन गोष्टी दाखवतात काय, हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी कोश उघडण्याचीही गरज नाही. हुबळीच्या कोप्पीकर रोडवर किंवा कोणत्याही गावच्या बाजारपेठेत संध्याकाळी फिरून यावे. दुकानाच्या आत गल्ल्यापाशी उधारीची वही असते. दुकानाबाहेर पायवाटेवर पसरलेला माल असतो, दुसऱ्याच्या दारासमोर आडवी लावलेली गाडी असते. वहीत ज्याचे नाव आहे तो कोणाच्या हद्दीत शिरलेला नसतो. द्यायचे ते त्याने दिलेले नसते. दारात गाडी लावणारा कोणाचे पैसे लागत नसतो. जेथे जाऊ नये तेथे तो गेलेला असतो. पहिला ‘डेट’ आणि दुसरा ‘ट्रेसपास’. शब्दांची मुळेही हेच सांगतात. ट्रेसपास हा जुन्या फ्रेंचमधून आला. ओलांडून पलीकडे जाणे हा त्याचा अर्थ. आपला ‘अतिक्रमण’ हा शब्द त्याच घडणीचा आहे. डेट ज्या लॅटिन मुळापासून आला, त्याच मुळापासून ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य हाही शब्द आला.

आता आपली परीक्षा करू. आपल्यापैकी बहुतेक जण अतिक्रमणाची भीती बाळगून वाढलेले आहेत. कोणाला शिवी दिली नाही, कोणाचे लुबाडले नाही, कोणाच्या वाटेस गेलो नाही, एवढे म्हणता आले की मन शांत होते. पण लाजराच्या दाखल्यातील श्रीमंताने तरी दुसरे काय केले होते? त्याने लाजराला मारल्याचे लूक सांगत नाही, दारातून हाकलल्याचेही सांगत नाही. लाजर दाराशी पडून होता आणि श्रीमंत रोज जेवत होता, इतकेच. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात डाव्या हाताच्या लोकांवर जो आरोप आहे, तोही न केलेल्या गोष्टींचाच आहे. घरातील म्हाताऱ्या वडिलांना कोणी वावगे बोलत नाही, पण त्यांच्याशी दिवसभर कोणी बोलतही नाही. अशा घरात अतिक्रमण नाही. ऋण मात्र रोज वाढते आहे.

याच्या उलटही घडते. काही माणसे देण्याघेण्यात चोख असतात आणि त्या जोरावर दुसऱ्याची हद्द ओलांडतात. “आम्ही तुला खाऊ घातले, शिकवले” असे म्हणून मुलाची पत्रे उघडणारे, मुलीचे लग्न तिला न विचारता ठरवणारे आईबाप आपल्या मंडळ्यांत आहेत. ऋण फेडल्याने, किंवा दुसऱ्याला ऋणी करून ठेवल्याने, अतिक्रमणाचा परवाना मिळत नाही.

क्षमा करतानाही हा भेद लक्षात ठेवावा लागतो. ऋण सोडणे म्हणजे तोटा आपण सोसणे. निर्दय चाकराच्या दाखल्यात राजाने १०,००० टॅलंट सोडले. चाकराचे येणे १०० दिनार होते. एका टॅलंटचे सुमारे ६,००० दिनार धरले, तर राजाने सोडलेली रक्कम सहा लाख पटींनी मोठी ठरते. १०० दिनार ही मजुराची शंभर दिवसांची मजुरी. तीही क्षुल्लक नव्हे. प्रभू आपला तोटा खोटा मानत नाही. तो सोसायला सांगतो.

अतिक्रमणाची क्षमा निराळी आहे. तेथे शिरलेल्याने आधी बाहेर यावे लागते. मालकाने क्षमा केली म्हणून शेताचा रस्ता होत नाही. हा भेद न कळल्यामुळे आपण दुबळ्यांवर फार मोठा अन्याय करतो. नवऱ्याच्या मारहाणीतून निघून आलेल्या बहिणीला आपण म्हणतो, “सत्तर वेळा सात क्षमा कर आणि परत जा.” तिने सूड सोडावा, मनातील कडूपणा प्रभूपाशी ठेवावा, हे सांगणे शुभवर्तमानाला धरून आहे. पण जो अजून हात उगारतो आहे त्याच्या हाताखाली तिने पुन्हा जावे, हे क्षमेत येत नाही. कोणी म्हणेल की अशाने क्षमेला अटी लागतात. आम्हांस तसे वाटत नाही. क्षमा बिनशर्तच आहे. कुंपण मोडणे हा मात्र तिचा भाग नाही.

फिलेमोनाला लिहिताना पौलाने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. अनेसिमाने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, अशा आशयाचे तो अठराव्या वचनात लिहितो.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी त्या मुलाला “दोन्ही खरे” असे सांगावे, आणि दोन प्रश्न शिकवावेत: आज मी कोणाच्या हद्दीत पाऊल टाकले? आज मी कोणाचे द्यायचे राहिलो? पहिल्याचे उत्तर आपल्याला बहुधा लवकर सापडते. दुसऱ्यासाठी थोडे थांबावे लागते, आणि मोठ्यांनी मुलांपेक्षा अधिक थांबावे.