निवडीची किंमत

२०१२ साली ‘मास इफेक्ट ३’ या व्हिडिओ गेमचा शेवट पाहून जगभरचे खेळाडू संतापले. तीन खेळांत विचारपूर्वक घेतलेले निर्णय अखेरीस व्यर्थ ठरले, ही त्यांची तक्रार. त्याच वर्षी निर्मात्यांनी शेवटाची विस्तारित आवृत्ती विनामूल्य दिली.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) कादंबरीतला कर्णही शेवटी मरतोच. तरी वाचक रुसत नाही. श्रीकृष्णाने राज्य देऊ केले असता कर्णाने मैत्री निवडली आणि त्या निवडीची किंमत रणांगणावर मोजली. दुःखान्त माणूस सोसतो. आपल्या कृतीला काहीच अर्थ नव्हता, हे मात्र त्याचे मन स्वीकारीत नाही. म्हणून पालकहो, अशा शेवटावर चिडलेल्या मुलाची चेष्टा करू नये. त्याच्या रागात न्यायबुद्धी बोलत असते.