गृहीतकांचा रकाना

विकास-प्रकल्पांच्या नियोजनात वापरला जाणारा 'लॉगफ्रेम' हा चार ओळींचा आणि चार रकान्यांचा तक्ता असतो. ओळी खालून वर वाचायच्या: उपक्रम, निष्पत्ती, उद्दिष्ट आणि ध्येय. रकान्यांत वर्णन, मोजता येणारे निर्देशक, पडताळणीची साधने आणि शेवटी गृहीतके येतात. पहिले तीन रकाने हिशेबाचे. चौथ्यात मात्र प्रकल्पाच्या हातात नसलेल्या, पण ज्यांच्यावाचून त्याचे काही चालणार नाही, अशा गोष्टी लिहायच्या असतात. फळ कर्त्यामुळे मिळते की दैवामुळे, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना वाद या चौथ्या रकान्यात नव्याने उभा राहतो.

हा तक्ता १९६९ साली अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. संस्थेच्या प्रकल्पांची पाहणी झाली तेव्हा तीन दुखणी पुढे आली होती. उद्दिष्टे मोघम होती. प्रकल्पप्रमुख नेमका कशाला जबाबदार, हे ठरलेले नव्हते. आणि यश कशाला म्हणायचे यावर आधी एकमत नसल्यामुळे मूल्यमापनाची बैठक म्हणजे भांडणाला निमित्त होई. पुढे १९८०च्या दशकात जर्मनीच्या जीटीझेडने याच तक्त्याभोवती 'झॉप' ही गटाने बसून नियोजन करण्याची पद्धत रचली. आज अनुदान मागणाऱ्या अनेक सामाजिक संस्थांना असा तक्ता प्रस्तावासोबत जोडावा लागतो.

तिन्ही दुखण्यांत दुसरे सर्वांत खोल होते, आणि त्यावरचा उपाय तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. निष्पत्तीची हमी प्रकल्पप्रमुखाने द्यायची. निष्पत्तीतून उद्दिष्ट साधेल, हे मात्र हमी म्हणून नव्हे तर अनुमान म्हणून मांडायचे: ठरलेले काम पुरे झाले आणि गृहीतके खरी ठरली, तर उद्दिष्ट साधेल.

पाणलोटाच्या कामात हे स्पष्ट दिसते. 'माथा ते पायथा' या क्रमाने डोंगरउतारावर साठ सेंटिमीटर रुंदीचे सलग समतल चर खणायचे, ओघळींवर दगडी बांध घालायचे, खाली माती-नालाबांध बांधायचे, हे झाले उपक्रम. इतके हेक्टर क्षेत्र उपचारित झाले, ही निष्पत्ती. विहिरींची पातळी वाढली, हे उद्दिष्ट. गावाचे जीवनमान सुधारले, हे ध्येय. चर किती मीटर खणले ते फीत लावून मोजता येते आणि कमी भरले तर जाब विचारता येतो. विहिरीची पातळी मात्र नुसत्या चरांनी वाढत नाही. त्यासाठी पाऊस पडावा लागतो, चराईबंदी टिकावी लागते आणि मुरलेले पाणी विंधन विहिरींनी उपसून नेले जाता कामा नये. या तिन्ही गोष्टी चौथ्या रकान्यात जातात.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. पाचव्याच्या अर्थाबद्दल भाष्यकारांत एकमत नाही. शंकराचार्य त्याचा अर्थ डोळा इत्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा करतात, तर रामानुजांच्या मते तो अंतर्यामी परमात्मा आहे. अर्थ कोणताही घेतला तरी मांडणी तीच राहते: पाचांतले एक कारण कर्त्याच्या ताब्यातले नाही, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला वस्तुस्थिती दिसत नाही. रोझेनबर्गांनी गीता वाचली असण्याचे काही कारण नाही. तरीही प्रकल्पप्रमुखाच्या जबाबदारीची मर्यादा त्यांनी जवळपास याच जागी आखली.

फळावर अधिकार नाही तर नियोजनाचा खटाटोप कशाला, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तर त्याच अध्यायात आहे, पण निष्काम कर्माच्या प्रवचनांत ते क्वचितच ऐकू येते. पुढे काय परिणाम होईल, किती व्यय होईल, कुणाला इजा पोहोचेल आणि आपले सामर्थ्य किती, हे न पाहता मोहाने आरंभलेल्या कर्माला गीता तामस ठरवते. प्रस्तावातला व्यवहार्यतेचा भाग याहून फार वेगळे काही विचारत नाही. अंदाजपत्रक न करता देवावर भार टाकून सुरू केलेले काम गीतेच्या हिशेबी भक्तीत नव्हे, तमोगुणात जमा होते. टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) हा भेद नीट पकडला आहे. अमुक कर्माचे अमुक फळ हे जाणणे आणि त्यासाठी योजना करणे वेगळे, आणि ते फळ मलाच मिळाले पाहिजे ही आसक्ती वेगळी. सोडायची ती दुसरी.

न्यायदर्शनाची भूमिका याहून कडक आहे. पुत्रकामेष्टी करूनही मुलगा होत नाही, तेव्हा वेदवचन खोटे ठरते, हा आक्षेप न्यायसूत्रांनी स्वतःच मांडला आहे. त्यावर उत्तर असे, की फळ न मिळण्याचे कारण कर्म, कर्ता किंवा साधन यांपैकी कशात तरी असलेले वैगुण्य. वात्स्यायन आपल्या भाष्यात त्याचा तपशीलच देतात: हवी संस्कार न केलेला होता, मंत्रात कमी-जास्त झाले, दक्षिणेचे धन गैरमार्गाने आलेले होते. प्रकल्प संपल्यावर लिहिल्या जाणाऱ्या अहवालाशी हे चांगलेच जुळते: काम निकृष्ट, माणसे अप्रशिक्षित, निधी उशिरा. इथे पाचव्या कारणाला जागाच नाही.

या उत्तरात शिस्त आहे, तसा एक धोकाही आहे. विधी चुकीचा असूच शकत नाही असे आधीच मानले, की प्रत्येक अपयशाचे खापर करणाऱ्याच्या माथी फुटते आणि विधी कधीच तपासला जात नाही. देणगीदार संस्थांचेही असेच होते. कार्यालयात बसून आखलेले प्रतिमान निर्दोष धरले जाते आणि विहिरी कोरड्या राहिल्या, तर अंमलबजावणीत खोट काढली जाते. गृहीतके प्रामाणिकपणे लिहिली असली, तर चर उत्तम खणले गेले, पाऊसही चांगला झाला आणि तरीही पाणी वाढले नाही, म्हणजे मूळ अनुमानच चुकले, असे म्हणता येते. उलट बाजूचा दुरुपयोगही सर्रास चालतो. प्रकल्प फसल्यावर मागाहून गृहीतके आठवतात, आणि दुष्काळाच्या नावावर निकृष्ट बांध खपून जातात. म्हणून या रकान्याची किंमत तो केव्हा भरला यावर ठरते. काम सुरू होण्यापूर्वी लिहिलेले दैव ही मर्यादेची कबुली असते. नंतर लिहिलेली ती सबब.

कौटिल्याचा कल तिसराच आहे. 'अर्थशास्त्रा'त मंत्रणेची पाच अंगे दिली आहेत: कार्यारंभाचे उपाय, माणसे व द्रव्य यांची सिद्धता, स्थळ आणि काळ यांची विभागणी, संकटावरचा प्रतिकार आणि कार्यसिद्धी. मानवी गोष्टींचा विचार करता येतो, दैवाचा करता येत नाही, असेही तो म्हणतो. पण म्हणून तो दैवाला मोकळे सोडत नाही. आग, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र श्वापदे, साप आणि राक्षस अशी आठ दैवी संकटे मोजून तो प्रत्येकावर तजवीज सांगतो. शांतिकर्मे त्याच्या यादीत आहेत; त्याच यादीत उन्हाळ्यात घराबाहेर स्वयंपाक करण्याचा नियम आणि नदीकाठच्या गावांनी पावसाळ्यात उंच जागी राहण्याचा आदेशही आहे. संकट कधी येईल ते कळत नाही, आल्यावर काय करायचे ते मात्र ठरवता येते.

यातून असे दिसते, की दैव आणि पौरुष यांच्यातली सीमारेषा कायमची आखलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण सर्वपरिचित आहे. पाणी मुरवण्याची कामे करून हे गाव थांबले नाही. शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत, असे गावाने ठरवले. पडलेल्या पावसावरून ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची ते ठरू लागले. शेतकरी उपसा आवरतील ही गोष्ट एरवी चौथ्या रकान्यात, आशेच्या खात्यात पडली असती. इथे ती उपक्रम झाली. पावसाचे मिलिमीटर तेवढे बाहेर राहिले.

एका ठिकाणी मात्र व्यवस्थापनाची आणि गीतेची वाट वेगळी होते. लॉगफ्रेमच्या नियमानुसार एखादे गृहीतक महत्त्वाचे असून खरे ठरण्याची शक्यता नसेल, तर आराखडा बदलायचा. तेही जमत नसेल, तर प्रकल्प सोडून द्यायचा. परक्या पैशाचा हिशेब देणाऱ्याला हे शहाणपण शोभते. स्वधर्माच्या विचारात ही सवड नाही. तिथे काम निवडलेले नसते, वाट्याला आलेले असते, आणि सिद्धी-असिद्धी समान मानायला सांगितले आहे ते अशाच कामासाठी. पावसाची खात्री नाही म्हणून देणगीदार यादीतून एखादे गाव वगळू शकतो. त्या गावच्या ग्रामसभेपुढे तो पर्याय नसतो. यंदा कोणते पीक टाळायचे, पिण्याचे पाणी आधी कसे राखून ठेवायचे आणि जनावरे छावणीला कधी न्यायची, एवढेच तिला ठरवायचे असते.