वाहन मोठे की गरज मोठी?

एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर पडलो, तोच धर्मग्रामातील एक तरुण लगबगीने पुढे आला. "फादर, नवी गाडी आणली आहे. आशीर्वाद द्याल ना?" मंदिराच्या आवारात एक भलीमोठी, उंच, काळीभोर गाडी उभी होती. पुढे फुलांचा हार, आरशाला जपमाळ आणि भोवती नातेवाइकांचा मेळा. आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले. मग पेढे वाटले गेले आणि सगळे कुटुंब पहिल्या फेरीसाठी गाडीत चढू लागले.

चढू लागले, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. कारण घरातील ऐंशी ओलांडलेल्या आजींना त्या गाडीत बसताच येईना. पायरी गुडघ्याच्या वर. नातवाने आत जाऊन हात धरला, सुनेने मागून आधार दिला; शेवटी मंदिरातून एक छोटा बाक आणावा लागला. आजी आत बसल्या, पदर सावरला आणि आम्हांला म्हणाल्या, "फादर, यापरीस टांगा बरा होता. टांगेवाला निदान हात तरी द्यायचा!" सगळे हसले, आम्हीही हसलो. परंतु "आजीला दवाखान्यात न्यायला सोयीची म्हणून मोठी गाडी घेतली," असे तो तरुण दहा मिनिटांपूर्वीच आम्हांला सांगत होता, हे मनातून जाईना.

या निमित्ताने एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. आपल्याला इतक्या मोठ्या वाहनांची खरोखरच गरज आहे काय? हा प्रश्न केवळ त्या तरुणाचा नाही. आज आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी अर्ध्याहून अधिक या उंच, 'एसयूव्ही' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातील असतात. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते. त्या डबीएवढ्या गाडीतून आईवडील, तीन मुले आणि मांडीवर पाहुण्यांचे एखादे पोर अशी आपली कुटुंबे लग्नाला जाऊन येत. आजच्या मोठ्या गाड्यांचे वजन दोन टनांच्या घरात, म्हणजे तिच्या तिप्पट आहे. कुटुंबे मात्र तिप्पट झाली नाहीत. उलट लहान झाली आहेत.

वाचकहो, आम्ही येथे न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलो नाही. आमच्या गुरुदीक्षेला २५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा काही सहृदय मंडळींनी आम्हांला अशीच एक मोठी गाडी भेट देण्याचा विचार बोलून दाखविला. आम्ही वरवर नको म्हटले; पण त्या रात्री झोप लागण्यापूर्वी आम्ही मनातल्या मनात तिचा रंगही ठरवून टाकला होता! स्वतःची समजूत घालण्यासाठी कारणही तयार होते: कधी जव्हार-मोखाड्याच्या घाटातील मिशनला जावे लागते. वर्षातून किती वेळा? दोनदा, फार तर तीनदा. उरलेले तीनशेसाठ दिवस आम्ही या आळीतून त्या आळीत आजाऱ्यांना पवित्र प्रसाद घेऊन जातो आणि त्यासाठी आमची जुनी स्कूटर पुरून उरते. वर्षातील तीन दिवसांची गरज दाखवून आम्ही तीनशेसाठ दिवसांची हौस पदरात पाडून घेऊ पाहत होतो. गाडी आम्ही घेतली नाही. परंतु त्याचे श्रेय आमच्या वैराग्याला नसून मंदिराच्या छपराला आहे. ते त्याच वर्षी गळू लागले आणि जमलेले पैसे तिकडे वळले.

गरज म्हणजे नेमके काय? सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनस शिकविले गेले. 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात दानधर्माची चर्चा करताना या संताने गरजेचे दोन प्रकार सांगितले आहेत. जिच्यावाचून माणूस जगूच शकत नाही, ती पहिली गरज. जिच्यावाचून माणसाला आपल्या स्थितीला आणि जबाबदारीला साजेसे जगता येत नाही, ती दुसरी. पहिल्या गरजेची सीमा स्पष्ट असते. दुसरीची सीमा मात्र एका बिंदूवर ठरत नसते, हे त्याने मोठ्या मार्मिकतेने दाखविले आहे. तीत पुष्कळ भर घातली तरी ती मर्यादेबाहेर गेली असे म्हणता येत नाही आणि पुष्कळ काढून घेतले तरी शोभेसे जगण्यापुरते उरतेच.

वाहनाची गरज या दुसऱ्या प्रकारात मोडते आणि म्हणूनच तिच्याविषयी स्वतःची फसवणूक करून घेणे इतके सोपे असते. सायकलवर भागत होते, तेथे स्कूटर आली; स्कूटरच्या जागी छोटी मोटार आली. या प्रत्येक पायरीवर खरी सोय झाली, कष्ट वाचले. पण ही शिडी कोठे थांबते, हे शिडी सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते.

काहींची गरज अगदी खरी असते, हे मान्य केले पाहिजे. पहाटे काळोखात वाडीतील फुले, केळी, भाजी दादरच्या बाजारात पोचविणाऱ्या बागायतदाराला पिकअप टेम्पो हवाच. २००५ साली बाजारात आलेल्या त्या लहानशा मालवाहू गाडीला लोकांनी लाडाने 'छोटा हत्ती' नाव दिले, ते उगाच नाही. ती हत्तीसारखी राबते. अपंग मुलाची चाकांची खुर्ची सोबत नेणारे कुटुंब, डोंगरपाड्यांत औषधे पोचविणाऱ्या धर्मभगिनी यांना मोठ्या वाहनाबद्दल कोणी बोल लावू नये. गंमत अशी की, ज्यांना मोठे वाहन खरोखर लागते त्यांच्या वाहनावर चिखल असतो, ओरखडे असतात, मागे टोपल्या असतात. आम्ही बोलतो आहोत ते चकचकीत, सात आसनांच्या आणि बहुतेक वेळा एकाच माणसाला घेऊन फिरणाऱ्या गाडीविषयी.

अशी गाडी घेणारे बंधू दोन कारणे सांगतात. पहिले कारण सुरक्षिततेचे. "फादर, अहमदाबाद महामार्गावरून मुलांना घेऊन जायचे, तर गाडी भक्कम नको का?" बापाच्या या काळजीची आम्ही थट्टा करणार नाही. पण याच महामार्गाने आपल्याला एक कठोर धडा दिला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी मोठी होती, महागडी होती. पुढच्या आसनांवरील दोघे वाचले. मागच्या आसनांवरील दोघे गेले. मागील दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. दिवंगतांना देव चिरशांती देवो. गाडीच्या आकारापेक्षा वेगाचा संयम आणि एक साधा पट्टा अधिक मोलाचा असतो, हे त्यांच्या जाण्यातून आपण शिकायला हवे.

आणि सुरक्षितता कोणाची? २०२३ साली अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने पादचाऱ्यांच्या हजारो अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वाहनांचे नाक जमिनीपासून ४० इंचांहून उंच होते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. ४० इंच म्हणजे पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या गळ्याइतकी उंची. आता आपल्या आळीतील रस्ते डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला गटार, पदपथाचे नाव नाही. त्याच रस्त्याने मुले शाळेला आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाला चालत जातात. आपल्या मुलाला उंच सुरक्षित आसनावर बसविताना शेजाऱ्याचे मूल आपल्याला दिसेनासे होत असेल, तर अशा सुरक्षिततेला ख्रिस्ती सुरक्षितता म्हणता येईल काय?

दुसरे कारण पाण्याचे. "पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरते, लहान गाडी बंद पडते." हेही खोटे नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कसे पाण्याखाली गेले, रुळांवर पाणी चढून लोकल कशा थांबल्या, हे आपण भोगले आहे. पण पाणी का तुंबते? आपल्या पूर्वजांनी वाड्यांमध्ये बावखळे राखली होती. पावसाचे पाणी त्यांत उतरे, जमिनीत मुरे, विहिरी गोड ठेवी. ती बावखळे बुजत गेली. मोठा दोष बेसुमार बांधकामांचा आहे, यात शंका नाही. परंतु आपणही, गाडी उभी करायला जागा हवी म्हणून, अंगणातील माती झाकून तिच्यावर सिमेंट ओतले, फरश्या बसविल्या. ज्या अंगणात पाणी मुरत होते त्या अंगणातून ते आता रस्त्यावर धावते. आणि रस्त्यावर पाणी साचते म्हणून आपण आणखी उंच गाडी घेतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे रस्त्यावर उतरलेला हा समाज आहे. २०२४ च्या जुलैत फादर देवाघरी गेले. त्यांनी राखू पाहिलेली हिरवळ परकीयांनीच नष्ट केली, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. उंच गाडी ही सार्वजनिक दुःखातून काढलेली खाजगी पळवाट आहे. रस्ता खराब आहे, पाणी तुंबते, बस वेळेवर येत नाही, ही दुःखे सर्वांची आहेत. ज्याची ऐपत आहे तो एक हात वर चढतो आणि त्या दुःखातून सुटतो. सुटला की त्या दुःखाविषयी बोलणेही सोडतो. मग खड्ड्यांविरुद्ध अर्ज कोण करणार? रिक्षाच्या रांगेत भिजणारी कामकरी स्त्री आणि सायकलवरचा दूधवाला यांचा आवाज कोण होणार? गावातील बोलकी, शिकलेली, वजनदार माणसे जेव्हा रस्त्यापासून हातभर वर बसू लागतात, तेव्हा रस्ता पोरका होतो.

जागेचाही हिशेब करावा. मोठ्या गाडीची लांबी सुमारे पावणेपाच मीटर आणि रुंदी दोन मीटरच्या जवळ. ती उभी राहते तेवढी जागा शंभर चौरस फूट भरते. दहा बाय दहाची खोली! नालासोपाऱ्याच्या चाळींत तेवढ्या खोलीत संसार चालतात, मुले अभ्यास करतात, आजारी माणसे झोपतात. घरांना आशीर्वाद देताना आम्ही अशा खोल्यांतून वाकून आत शिरलो आहोत. एका धर्मग्रामात एकाच्या वाहनाला जेवढी जागा, तेवढीच दुसऱ्याच्या संसाराला. हे विसरून मिस्साबलिदानात शांतीचे हस्तांदोलन कसे करावे?

सरकारनेही या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. लांबी चार मीटरपेक्षा अधिक आहे काय, इंजिन किती सीसीचे, अशी मोजमापे कायदा करतो. पण कायद्याला गाडीची लांबी मोजता येते. मालकाची गरज मोजता येत नाही. ते काम विवेकबुद्धीचे आहे.

पवित्र सभेने या विवेकबुद्धीला जागविण्याचा प्रयत्न केला आहे. २००७ साली प्रवासी व भटक्या लोकांच्या पालकीय सेवेसाठी असलेल्या परमपीठीय परिषदेने रस्त्यावरील जीवनाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतील एक आज्ञा वाहनाला सत्तेचे आणि वर्चस्वाचे साधन करू नये, असे बजावते. २०१३ च्या जुलैत पोप फ्रान्सिस यांनी भावी धर्मगुरू आणि व्रतस्थांपुढे बोलताना, धर्मगुरूंना नव्या झगमगीत गाड्यांतून फिरताना पाहून आपल्याला वेदना होतात, असे बोलून दाखविले. त्याच वर्षी एका इटालियन धर्मगुरूने दिलेली १९८४ सालची जुनी रेनॉल्ट-४ त्यांनी आनंदाने स्वीकारली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या भेटीत अवाढव्य काळ्या गाड्यांच्या ताफ्यात त्यांची छोटी फियाट जगाने पाहिली. एप्रिल २०२५ मध्ये ते निवर्तले. पण त्या छोट्या गाडीतून त्यांनी दिलेले प्रवचन अजून संपलेले नाही.

शुभवर्तमानात वाहनाचे दोन प्रसंग आम्हांला नेहमी आठवतात. झावळ्यांच्या रविवारी प्रभू येशू यरुशलेमेत शिरला तो शिंगरावर बसून, आणि तेही उसने आणलेले. दुसरा प्रसंग दयाळू शोमरोन्याचा. त्याच्याकडे स्वतःचे जनावर होते आणि त्याबद्दल प्रभूने त्याला दोष दिलेला नाही. मात्र वाटेत जखमी माणूस दिसताच त्याने त्याला आपल्या जनावरावर घातले. म्हणजे तो स्वतः पायी चालला असणार. वाहन असणे हे पाप नव्हे. पण त्यावरून खाली उतरता आले पाहिजे, आणि उतरण्यासाठी आधी वाटेवरचा माणूस दिसला पाहिजे.

तेव्हा, बंधुभगिनींनो, नवी गाडी घेण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही गाडी आपण वर्षातील किती दिवसांसाठी घेत आहोत? हिचा भार हप्त्यांखेरीज आणखी कोणावर पडणार आहे: रस्त्यावर, मातीवर, की शेजाऱ्याच्या मुलावर? आणि हिच्यात आपल्याखेरीज कोण बसणार आहे? प्रामाणिक उत्तरांनंतरही मोठी गाडी घ्यावी असे वाटले तर अवश्य घ्यावी. तिलाही आम्ही आनंदाने आशीर्वाद देऊ. गरजेची सीमा ठरविण्यासाठी आपली ऐपत पुरेशी नाही, आपली हौस तर मुळीच नाही. ती सीमा शेजाऱ्याकडे पाहूनच ठरते.

त्या तरुणाची हकिगत सांगून थांबतो. पुढे काही महिन्यांनी पावसात तो आम्हांला भेटला. आमचे बोलणे कानावर आले असावे. किंचित ओशाळून म्हणाला, "फादर, गाडी विकणे परवडणार नाही. पण रविवारी आळीतल्या चार म्हाताऱ्यांना मिस्सेला आणतो. बाक गाडीतच ठेवला आहे." गाडीची लांबी-रुंदी तीच होती. तरीही आम्हांला ती त्या दिवशी थोडी लहान झाल्यासारखी वाटली. आता कोणी नव्या वाहनासाठी आशीर्वाद मागायला आले, की आम्ही प्रार्थनेपूर्वी एवढेच विचारतो, "बाळा, हिच्यात कोणाकोणाला बसवशील?"