दया कोठे संपते, मोह कोठे सुरू होतो?

दत्तप्रभूंच्या तसबिरीत मागे गाय आणि पायाशी चार श्वान असतात. गाय म्हणजे पृथ्वी, श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत एका मूठभर जिवाने मला त्या तसबिरीकडे पुन्हा पाहायला लावले.

नातू पुण्याहून गडहिंग्लजला येताना पिंजऱ्यातून जर्बिल घेऊन आला. उंदरासारखाच प्राणी, शेपटीला केसांचा गोंडा आणि मागच्या पायांवर उभे राहून बघायची सवय. आमची सौ. म्हणाली, "अरे, ह्यो तर शेतातला उंदीरच की!" ते काही खोटे नव्हे. त्याचे देशी भाऊबंद आपल्याकडे शेतातच बिळे करून राहतात.

तिसऱ्या दिवशी तारेच्या चाकात अडकून त्याचे एक नख निघाले. रक्त बघून पोरगं रडायला लागलं. मी सवयीने हळदीचा डबा काढला. पण जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हळद, मलम काही नको, ते चाटून पोटात घेतंय. माणसाची गोळी तर अजिबात नको. कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा, चाक काढा, भुश्याऐवजी साधा कागद अंथरा. सूज किंवा पू दिसला तर लगेच आणा."

त्या रात्री मी दोनदा उठून बॅटरी लावून बघितले. सकाळी गुरुचरित्राचा अध्याय वाचायला बसलो, तर डोळे पोथीवर आणि कान पिंजऱ्याकडे. माझे मलाच हसू आले, मग थोडी भीती वाटली.

कारण भरत राजाची कथा आठवली. भागवताच्या पाचव्या स्कंधात ती आहे. राज्य सोडून तपाला बसलेल्या भरताने नदीत पडलेले हरणाचे पाडस वाचवले, त्याच्यात जीव गुंतला आणि पुढच्या जन्मी तो हरीण झाला. अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले. त्यांतला कपोत पिलांच्या मायेने स्वतःच पारध्याच्या जाळ्यात पडला. मग आपण जखमी जिवाकडे पाठ फिरवायची काय?

तसे नव्हे. याच अकराव्या स्कंधावर टीका लिहिणारे एकनाथ महाराज हे दत्तोपासक जनार्दनस्वामींचे शिष्य. रामेश्वराला न्यायचे गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा घरोघरी माहीत आहे. नाथ मोहात पडले, असे कोणी म्हणत नाही. मग भरताचे काय चुकले? पाडस उचलले हे नक्कीच नव्हे. ते 'माझे' झाले, आणि बाकी सारे विसरले, तिथे तो घसरला. नाथांचे ते गाढव कोणाचेच नव्हते.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच : हा जीव माझा नसता, तर मी उठलो असतो का?

मी उठलो नव्हतो. गेल्या हंगामात उसाच्या बांधावर झिंक फॉस्फाइडचे आमिष मीच ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बिळाबाहेर एक उंदीर तडफडत होता. मी बघितले आणि मोटर सुरू करायला निघून गेलो. तोच देह, तीच तडफड. एक नातवाच्या पिंजऱ्यात होता, एक माझ्या पिकात, फरक एवढाच.

पीक राखावेच लागते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण विष ही पहिली पायरी नसावी, एवढे माझ्या ध्यानात आले. यंदा आधी बांधावरचे गवत काढले, बिळे खणून मोडली, घुबडांना बसायला रानात उंच काठ्या रोवल्या. कदाचित विष लागेलही. पण तेव्हा मान फिरवून मोटरीकडे जाणार नाही.

आठ दिवसांत जखम सुकली. निघताना नातू म्हणाला, "आज्जा, बरं झालं, आता नेतो." मी म्हटले, "ने. पण चाक बिनतारेचं घे." पिंजऱ्याची जागा रिकामी झाली. दोनदा नजर तिकडे गेली खरी. तिसऱ्यांदा ती दत्तप्रभूंच्या पायाशी बसलेल्या श्वानांवर टेकली, आणि मी पोथी उघडली.

श्री गुरुदेव दत्त.