कारण आणि दोष

दिवाळीच्या सुमारास आमच्या तिसगावच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या येतात. एखादे फळ फार पिकून उकलले, की त्याभोवती चिलटे भिरभिरू लागतात. विकणारी बाई पदराने ती हाकलते आणि ती पुन्हा येतात. असल्या क्षुद्र जीवापासून माणसाने नीतीचा धडा घ्यावा, हे कोणाला पटणार नाही. मला मात्र तो घ्यावासा वाटतो.

या चिलटांच्याच गोतातली ड्रोसोफिला नावाची माशी शास्त्रज्ञ काचेच्या बाटल्यांत पाळतात. तिचे अंडे एका दिवसात फुटून अळी बाहेर येते, त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या डोळ्यांदेखत पाहता येतात. जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे क्रिस्तियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस या दोघांनी रसायन देऊन या माश्यांच्या जनुकांत बिघाड घडवले, आणि बिघडलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासल्या. शरीराचे खंड पाडणाऱ्या 15 जनुकांची हकिकत त्यांनी 1980 साली प्रसिद्ध केली. 1995 साली एडवर्ड लुईस यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच माशीत पंखाच्या जागी तोल सांभाळणारी इवलीशी गाठ कशी घडते, याचा शोध आपल्या पुण्याच्या आयसर संस्थेत एल. एस. शशिधरा यांनी घेतला आहे.

या साऱ्या संशोधनातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. अंडे घातल्यावर पहिले दोन-तीन तास गर्भाची स्वतःची जनुके जवळजवळ मुकीच असतात. केंद्रके मात्र भराभर दुभंगत राहतात. तेरा वेळा दुभंगून हजारोंच्या संख्येने होतात, तरी त्यांच्यामध्ये भिंती नसतात. मग डोके कोणीकडे आणि शेपूट कोणीकडे, हे कोण ठरवते? ते आईने आधीच ठरवून ठेवलेले असते. अंडे पोटात तयार होत असतानाच ती त्याच्या एका टोकाला ‘बायकॉइड’ नावाच्या जनुकाचा निरोप बांधून ठेवते. त्यापासून बनणारे प्रथिन त्या टोकाला दाट आणि पुढे विरळ होत जाते. दाट तेथे डोके, त्याहून विरळ तेथे छाती. आईच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर अळीला डोके नसते आणि छातीही नसते. बापाकडून चांगली प्रत आलेली असली तरी तिचा उपयोग होत नाही. तो निरोप अंड्यात आधीच असावा लागतो.

हे ऐकताच कोणी म्हणेल, “म्हणजे दोष आईचाच!” येथेच मला थांबावेसे वाटते, कारण हे वाक्य मी आमच्याकडे फार वेळा ऐकले आहे.

आमच्या पाथर्डी तालुक्यातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. अशाच एका घरी फाटक्या ओठाचे मूल जन्मले. मी बाळ पाहायला गेलो तेव्हा सासू सुनेला विचारीत होती, “गिराणात काय चिरलं व्हतं गं तू?” सून खाली मान घालून बसली होती. सातव्या महिन्यापर्यंत त्या पोरीने फडात कोयता चालवला होता. मुकादमाची उचल घेतलेली होती, म्हणून तेव्हा कोणी तिचा हात धरला नाही. ग्रहणाच्या घटकाभरात तिने भाजी चिरली की नाही, याची चौकशी मात्र आता सारे घर करीत होते. तेथे एक शिकलेले गृहस्थही होते. ते म्हणाले, “ग्रहण-बिहण काही नाही, हिच्या जनुकातच दोष असणार.” ग्रहणाची जागा जनुकाने घेतली, आरोपी तीच राहिली.

खरे म्हणजे माणसात हे बायकॉइड जनुक नाहीच. ओठ गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत जुळतो, आणि तो न जुळण्यामागे आईबाप दोघांकडून आलेली अनेक जनुके आणि भोवतालची परिस्थिती असते. पण घटकाभर त्या गृहस्थांचे म्हणणे मान्य करू, आणि पुन्हा माशीकडे वळू. बिनडोक्याच्या अळीची ती आई स्वतः धडधाकट असते. तिला डोके, डोळे, पंख सारे असते. तिच्या बिघडलेल्या प्रतींपैकी एक तिच्या बापाकडून आली आणि दुसरी आईकडून. तीही दोघे दिसायला धडधाकट. त्यांना ती त्यांच्या आईबापांकडून मिळाली. असे मागे मागे गेलो, तर शेवटी हाती काय लागते? नक्कल होताना कधी काळी पडलेली एक चूक, किंवा बाटलीत टाकलेले रसायन. या साखळीत बोट नेमके कोणाकडे दाखवायचे?

मला वाटते, घोटाळा थोडा आपल्या भाषेतही आहे. ‘दोष’ हा एकच शब्द आपण उणिवेला वापरतो आणि अपराधालाही. दृष्टिदोष म्हटला की आपण चष्मा आणतो. दोष दिला की समोरच्याची मान खाली जाते. अपराध म्हणायला माणसाला ठाऊक असावे लागते, निवड करता यावी लागते, वेगळे वागणे शक्य असावे लागते. पोटात ओठ जुळत असताना या तिन्हींपैकी आईच्या हाती काय होते? ती फार तर कारणांतले एक कारण. कारण असणे वेगळे आणि अपराधी असणे वेगळे.

यावर कोणी विचारील, मग जबाबदारी कोणाचीच नाही काय? आहे, आणि ती मोठी आहे. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या, तर पाठीच्या कण्याचे काही जन्मजात व्यंग पुष्कळ अंशी टळते, हे आता ठाऊक आहे. फाटलेला ओठ बाळ काही महिन्यांचे असतानाच शस्त्रक्रियेने सांधता येतो, हेही ठाऊक आहे. म्हणून गोळी वेळेवर पोचवणे, पोटुशीला फडातून सुट्टी देणे, बाळाला दवाखान्यात नेणे, ही ज्यांच्या हातची कामे आहेत त्यांची ती जबाबदारी आहे. त्यात नवरा आहे, सासू आहे, मुकादम आहे, कारखाना आहे, आणि तुम्ही-आम्हीही आहोत. ज्ञान वाढते तसे आरोपी कमी व्हावेत आणि जबाबदार माणसे वाढावीत.

आपल्यापैकी बहुतेकांचे ओठ सरळ जुळले. त्यासाठी आपण कोणते पुण्य केले होते? तेव्हा आपल्याला ओठही नव्हते आणि शब्दही नव्हते. आपले हे पुण्य जर मोजता येत नसेल, तर त्या पोरीचे पाप तरी कोणी कशाने मोजावे? पाळण्याशी वाकताना तिला पहिला प्रश्न विचारायचाच असेल, तर तो एवढाच असावा: “बाई, जेवलीस का?”